रविवारचे साडेसहा तास

प्रशिक्षणाचा हुकूम आला तेव्हा चिमटाबाईंचे दोन्ही हात कोपरापर्यंत साबणाच्या पाण्यात होते. म्हणून मेट्रननेच कागद उलगडून वाचून दाखवला. इस्पितळात निर्जंतुकीकरणाचं नवं यंत्र येणार होतं. ते चालवायला शिकायचं, आणि त्यासाठी यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या केंद्रावर सहा आठवडे, दर सोमवारी, सकाळी नऊला हजर राहायचं. केंद्र दुसऱ्या शहरात, बसने साडेसहा तासांवर.

"सोमवारी नऊला, म्हणजे रविवारीच निघावं लागेल," बाई म्हणाल्या.

"हो ना," मेट्रन म्हणाली आणि कागदाची घडी करून तिने ती बाईंच्या एप्रनच्या खिशात सरकवली. "पण तुमच्याशिवाय पाठवू कुणाला? तुमच्या हाताखालच्या त्या दोघी अजून नव्या आहेत. यंत्र बिघडवून ठेवतील."

ते कौतुकच होतं. बाईंना ते कळलं, आणि कौतुकाच्या पोटात सहा रविवार गेले हेही कळलं. पण हात पाण्यात असताना माणूस फारसा वाद घालत नाही. "बरं," एवढंच त्या म्हणाल्या आणि पुढची कात्री घासायला घेतली.

बावीस वर्षं त्या इस्पितळाच्या तळघरात काम करत होत्या. ऑपरेशनमध्ये वापरलेली हत्यारं वरून ट्रॉलीतून खाली यायची. ती धुवायची, वाळवायची, एकेक सांधा उघडून बघायचा, मोजायची, सेट लावायचा, दुहेरी कापडात गुंडाळून वर चिकटपट्टी लावायची आणि वाफेच्या यंत्रात ठेवायची. वाफ पुरेशी लागून पट्टीवरच्या फिक्या रेघा काळ्या झाल्या की सेट कपाटात. प्रत्येक सेटवर आतल्या हत्यारांची संख्या आणि बांधणाऱ्याची सही. डॉक्टरांची नावं दारांवर असतात; बाईंची सही त्या चिकटपट्ट्यांवर असायची आणि रोज फाडून कचऱ्यात जायची. त्यांना त्याचं काही वाटत नसे.

चिमटाबाई हे नाव पडलं त्याला पंधरा वर्षं झाली. एकदा वरून परत आलेल्या हत्यारांत एक चिमटा कमी भरला. निरोप आला, सापडेल कुठेतरी, तुम्ही पुढचं काम करा. बाईंनी पुढचं काम केलं नाही. त्या तशाच एप्रनवर फाटकाशी गेल्या, मळक्या चादरी घेऊन निघालेली धुलाईची गाडी अडवली आणि भर रस्त्यात एकेक चादर झटकायला लावली. गाडीवाला शिव्या देत होता, मागे वाहनं खोळंबली होती. अकराव्या चादरीतून चिमटा ठणकन खाली पडला. बाईंनी तो उचलला, गाडीवाल्याला "या आता" म्हणाल्या आणि तळघरात परतल्या. त्या दिवसापासून सगळं इस्पितळ त्यांना चिमटाबाई म्हणू लागलं. पुढे पुढे हजेरीच्या यादीत त्यांचं खरं नाव वाचताना नव्या माणसांना कोडं पडायचं, ही कोण बुवा?

घरी त्या आणि त्यांचे यजमान. यजमान रंगारी, घरांच्या भिंती रंगवायचे. बोलणं कमी आणि बोललेच तर चेष्टेनं. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला, दोन खोल्यांत, एकटी राहणारी त्यांची थोरली बहीण. तिला त्या अक्का म्हणत.

अक्का टेलिफोन कचेरीत ऑपरेटर होती. आई लवकर गेल्यावर तिनेच धाकटीला वाढवलं. आता सत्तरी उलटली होती आणि डोळे गेले होते. उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. पण आवाज तसाच खणखणीत होता, आणि जीभही. रविवार अक्काचा. बाई सकाळी तिच्याकडे जायच्या, तिचे केस धुवायच्या, आठवड्याच्या गोळ्या खणाखणाच्या डबीत भरायच्या, आलेली पत्रं आणि बिलं वाचून दाखवायच्या. मग दोघी दुपारभर खाटेवर आडव्या पडून अख्ख्या जगाची उणीदुणी काढायच्या. बाकी दिवस शेजारीण डबा द्यायची, पण गोळ्यांना अक्का दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायची नाही.

"सहाच रविवार," बाईंनी तिला सांगितलं. "मंगळवारी संध्याकाळी येत जाईन."

"मंगळवारी तू मेलेली असशील," अक्का म्हणाली.

ती काही फार चुकीचं बोलली नाही.

पहिल्या रविवारी बाई सकाळी दहाला घरातून निघाल्या. स्टँडवर पोचायलाच पाऊण तास. बस अकराची, ती साडेअकराला हलली. जागा मागच्या चाकावरची मिळाली. तिथे पाय सरळ ठेवता येत नव्हते. गुडघे हनुवटीला टेकवून बसावं लागत होतं. शेजारचा माणूस झोपेत सारखा त्यांच्या खांद्यावर यायचा आणि दचकून "माफ करा" म्हणायचा. तीन ठिकाणी बस थांबली. एका ठिकाणी चहा मिळाला, दुसऱ्या ठिकाणी मोरी मिळाली, तिसऱ्या ठिकाणी काहीच मिळालं नाही. संध्याकाळी सहाला केंद्राच्या वसतिगृहात पोचल्या तेव्हा पायांना एवढी सूज होती की चपलेचा पट्टा सुटेना.

शिकवणं मात्र चांगलं होतं. शिकवणारा मुलगा चुणचुणीत, हसतमुख. प्रश्न विचारला की खूश व्हायचा. नव्या यंत्रात वाफ नव्हती, एक वायू होता, आणि ओलं काही आत गेलं की यंत्र मध्येच थांबायचं. वेगवेगळ्या इस्पितळांतली आठ माणसं. बाईंनी वहीत सुबक अक्षरात सगळं उतरवलं. साडेचारला वर्ग सुटला, पाचची बस, आणि घरी पोचेपर्यंत दिवस संपलेला. यजमानांनी ताट झाकून ठेवलं होतं. ते न उघडताच बाई आडव्या झाल्या. मंगळवारी सकाळी सातला तळघरात.

दुसऱ्या आठवड्यातही तेच. फक्त त्या मंगळवारी त्यांना अक्काकडे जायचं होतं, आणि त्या बसस्टॉपच्या बाकावर टेकल्या ते तिथेच डोळा लागला. जाग आली तेव्हा अक्काच्या वाटेच्या दोन बस निघून गेल्या होत्या. मग त्या घरीच गेल्या. अक्काला फोन केला तर ती म्हणाली, "आवाजावरून कळतंय. झोप. गोळ्या मी चाचपून घेतल्या, गोल सकाळी आणि लांबट रात्री, बरोबर ना?"

"उलट, अक्का."

"मग आठवडाभर उलट घेतल्या. मेले नाही अजून."

दोघी हसल्या. 

तिसऱ्या रविवारी बसच आली नाही. स्टँडवरच्या खिडकीतल्या माणसाने दोन तास "येईल, येईल" म्हटलं आणि मग "रद्द" अशी पाटी लावून खिडकी बंद केली. दुसरी बस सोमवारी पहाटे पाचची. बाई घरी परतल्या आणि पहाटे पुन्हा निघाल्या. केंद्रावर पोचल्या तेव्हा साडेअकरा वाजले होते. शिकवणाऱ्या मुलाने हजेरीपटावर वेळ लिहिली. त्याला ती लिहावीच लागायची. "काही काळजी करू नका, सकाळचं मी तुम्हाला परत सांगतो," म्हणाला आणि जेवणाच्या सुट्टीत खरंच सांगितलं. म्हणजे बाईंची जेवणाची सुट्टीही त्यातच गेली.

त्या मंगळवारी जे घडलं ते बाईंच्या आयुष्यात आधी कधी घडलं नव्हतं. सकाळी साडेनवाला वरून ऑपरेशन थिएटरच्या मुख्य नर्सचा फोन आला.

"चिमटाबाई, हा तुमच्या सहीचा सेट उघडलाय. वर बारा लिहिलंय. आत अकरा आहेत."

"पुन्हा मोजा," बाई म्हणाल्या.

"तीनदा मोजले."

बाईंनी वळून टेबलाकडे पाहिलं. हात पुसायच्या टॉवेलच्या खालून एका कात्रीचं टोक दिसत होतं. म्हणजे त्यांनी बारा लिहिलं होतं, सही केली होती, आणि अकरा बांधले होते. पेशंटला अजून भूलसुद्धा दिली नव्हती. दुसरा सेट गेला, ऑपरेशन झालं, कुणाला काही झालं नाही. मुख्य नर्स चांगल्या मनाची, तिने वर काही कळवलं नाही. पण बाईंच्या डोक्यातून ते जाईना. सेट उघडल्यावर न मोजता कुणी ऑपरेशन सुरू केलं असतं आणि मग शेवटी एक कमी भरला असता तर? कात्री पेशंटच्या पोटात राहिली असेल म्हणून पुन्हा पोट उघडून शोधली असती, आणि कात्री इथे टॉवेलखाली. त्या दिवशी त्यांनी प्रत्येक सेट चार चारदा मोजला. नव्या दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

आणि गुरुवारी हजेरीच्या कागदावर त्यांच्या नावापुढे अर्धी रजा लागलेली दिसली.

हजेरीच्या कारकुनाची खिडकी तळमजल्यावर, जिन्याखाली होती. काचेला बोलण्यापुरतं गोल भोक, त्यातून बोलायचं तर वाकावं लागे. बाई वाकल्या.

"ही अर्धी रजा कसली?"

"सोमवारी साडेअकराला पोचलात. केंद्राचा कागद आलाय तसा."

"रविवारची बस रद्द झाली. पहाटे पाचच्या पहिल्या गाडीने गेले मी."

"ते बसवाल्यांना सांगा, बाई."

"पहाटे पाचपासून वाटेत होते ना मी. ते कुठे लिहिलंय?"

"वाटेत असणं म्हणजे काम नव्हे." कारकून काही दुष्ट माणूस नव्हता. त्याच्यापुढे कागदांचा ढीग होता आणि कपाळाला आठ्या होत्या. "बसमध्ये माणूस बसूनच असतो. झोप काढा, खिडकीबाहेर बघा. कामाला सुरुवात नऊला."

"मग रविवारी मी कामावर होते की सुट्टीवर?"

"रविवारी तुमची सुट्टीच असते."

"सुट्टी होती तर मी गेले कशाला?"

कारकुनाने चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला. मागे रांग वाढत होती. "हे मला विचारून काय उपयोग? माझ्याकडे दोनच रकाने आहेत. हजर आणि गैरहजर."

बाई सरळ झाल्या. पाठीत कळ आली. "बरं," त्या म्हणाल्या, पण या वेळी ते बरं त्यांच्या तोंडाला कडू लागलं.

चौथ्या रविवारी बस वेळेवर होती. वसतिगृहाच्या व्हरांड्यात संध्याकाळी बाई पाय बादलीतल्या गरम पाण्यात सोडून बसल्या होत्या. तिथे त्यांच्याच वर्गातला एक तंत्रज्ञ येऊन बसला. पांढऱ्या भरघोस मिशांचा, निवृत्तीला आलेला माणूस. वर्गात सगळे त्याला मिशीवाले म्हणत. तोही पाच तासांवरून यायचा, पण नेहमी ताजातवाना दिसायचा.

"तुम्ही उद्या रात्री घरी पोचून परवा सातला कामावर जाता कशा?" मिशीवाल्यांनी विचारलं.

"जाते तशी. तुम्ही नाही जात?"

"मी बुधवारी जातो. रविवार वाटेत गेला, त्याच्या बदल्यात मंगळवार."

बाईंना वाटलं ते चेष्टा करताहेत. "तुमचे साहेब बरे दिसतात."

"साहेब कसले बरे! दहा वर्षांपूर्वी आम्हीही तुमच्यासारखेच चूपचाप जायचो. मग आमच्यातला एकजण अडून बसला. त्याने तीनच गोष्टी विचारल्या. मला पाठवलं कुणी? मी नाही म्हणू शकलो असतो का? आणि मी बसमध्ये बसलो होतो तेव्हा तो वेळ माझ्या कामी आला की तुमच्या?" मिशीवाल्यांनी बोटांवर मोजलं. "रोजचं घर ते इस्पितळ, ते आपलं आपण. ते कुणी मोजत नाही, मोजूही नये. पण त्यांनी हुकूम काढून परगावी धाडलं, आणि तेही सुट्टीच्या दिवशी, तर ती वाट त्यांची."

"आमचा कारकून म्हणतो, बसमध्ये माणूस झोपतोच."

"त्याला एकदा बसवा त्या मागच्या चाकावर." मिशीवाले हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, "तुमच्या इस्पितळाचं नियमांचं पुस्तक असेल. त्यात दौऱ्याचं प्रकरण बघा. मोठे डॉक्टर परिषदांना जातात ना, त्यांचे वाटेतले दिवस कुठे दाखवतात तेही बघा. आणि तोंडी बोलू नका. तोंडी बोललेलं वाऱ्यावर जातं."

पुस्तक मेट्रनच्या कपाटात सापडलं, जुन्या कॅलेंडरांखाली. मेट्रनने ते देताना विचारलं, "कशाला हवंय?" बाईंनी खरं ते सांगितलं. बाई निघताना मेट्रन म्हणाली, "उद्या परत आणून ठेवा. आणि माझं नाव यात घेऊ नका."

पाचवा रविवार जवळ आला होता. बुधवारी कामावरून सुटल्यावर बाई थेट अक्काकडे गेल्या. आधी गोळ्यांची डबी सरळ केली, मग पुस्तकातलं दौऱ्याबद्दलचं वाक्य वाचून दाखवलं: कर्मचाऱ्यास कामानिमित्त परगावी पाठवल्यास जाण्यायेण्यात लागणारा वेळ कामाचा वेळ समजण्यात येईल.

"परत वाच," अक्का म्हणाली. बाईंनी वाचलं. "अधिकारी असं म्हटलंय कुठे?"

"नाही. कर्मचारी."

"मग घे कागद."

अक्का भिंतीला टेकून ताठ बसली आणि सांगू लागली, बाई लिहू लागल्या. टेलिफोन कचेरीत असे अर्ज तिने दुसऱ्यांसाठी शेकड्याने लिहिले होते. मध्येच थांबवून ती म्हणायची, "वाच." बाई वाचायच्या. "कृपया दोनदा आलंय. एक काढ. दोनदा म्हटलं की हात पसरल्यासारखं वाटतं."

"मी फार दमते, असं लिहू का?"

"मुळीच नको. दमणं त्यांच्या रकान्यात बसत नाही. तास लिही. कधी निघालीस, कधी पोचलीस. तारखेनिशी."

बाईंनी लिहिलं. जाताना साडेसहा, येताना साडेसहा, घर ते स्टँड त्यात धरलं नाही. बस रद्द झाली त्या दिवशीची पहाटही लिहिली. शेवटी पैसे नकोत, गेलेल्या सुट्ट्यांच्या बदल्यात सुट्ट्या द्याव्यात, अर्धी रजा परत करावी आणि पुढे जाणाऱ्यांचा प्रवास कामाच्या दिवशी ठेवावा, असं मागितलं.

मग बाईंनी स्वतःच्या मनाने आणखी एक परिच्छेद लिहायला घेतला. पेनाचा आवाज ऐकून अक्काने विचारलं, "काय लिहितेस?"

"अकरा हत्यारांचं."

अक्काने हात उंचावून तिला थांबवलं. मग म्हणाली, "वेड लागलंय का तुला? कुणाला माहीत नाही, कुणी विचारलेलं नाही. स्वतःच्या हाताने स्वतःवर ठपका ठेवतेस? हेच धरून बसतील ते, बाकी सगळं राहील बाजूला."

"बसू देत धरून."

"धाकटे, मी चाळीस वर्षं अर्ज लिहिलेत. अर्जात आपली चूक कुणी लिहीत नाही."

"अक्का, मला माझ्या रविवारचं वाईट वाटतंच. पण नुसत्या रविवारसाठी मी वाकून त्या भोकातून बोलले नसते. बावीस वर्षांत सही खोटी पडली नव्हती माझी. ती का पडली, हे न लिहिता मी नुसते तास लिहिले, तर ते फक्त बसचं तिकीट होईल."

अक्काने हात पुढे करून बहिणीचा गुडघा चाचपला आणि त्यावर दोन थापट्या मारल्या. "लिही बाई. तू काय ऐकणार आहेस."

पाचव्या वेळेला बाई तशाच जाऊन आल्या, कारण अर्जावर उत्तर आलं नव्हतं. त्या आठवड्याच्या मंगळवारी अधीक्षकांनी बोलावलं. खोलीत मेट्रन होती, कारकून रजिस्टर छातीशी धरून उभा होता. अधीक्षक डॉक्टर, पन्नाशीचे, डोळ्यांखाली काळं. त्यांचीही झोप होत नसावी. त्यांनी बाईंना बसायला सांगितलं.

"अर्ज वाचला. हे अकरा हत्यारांचं काय आहे? मला कुणी कळवलं नाही."

"मी आता कळवलं, साहेब."

"ही गंभीर चूक आहे."

"हो. म्हणूनच लिहिली."

"आणि तुमचं म्हणणं, चूक प्रवासामुळे झाली."

"चूक माझ्या हाताने झाली," बाई म्हणाल्या.  "पण ज्या हातांनी झाली त्यांना त्या आठवड्यात सुट्टीचा एकही दिवस मिळाला नव्हता. आधीच्या दोन आठवड्यांतही नव्हता. कागदावर मी दर रविवारी घरी होते. त्या कागदाप्रमाणे मी ताजीतवानी असायला हवी होते."

कारकून चुळबुळला. "साहेब, दौऱ्याचा नियम आत्तापर्यंत आपण डॉक्टर मंडळींनाच लावत आलो. खालच्या विभागांना लावला तर सगळेच मागतील."

"सगळ्यांना पाठवता का तुम्ही?" बाईंनी त्याच्याकडे वळून विचारलं. आवाज चढवला नाही, खरंच माहिती हवी असल्यासारखं विचारलं. "ज्यांना पाठवाल ते मागतील. एवढंच."

मेट्रन इतका वेळ खिडकीबाहेर बघत होती. ती म्हणाली, "साहेब, रविवारी निघा हे मी त्यांना सांगितलं. ती सुट्टी आहे हे मला ठाऊक होतं. त्या नाही म्हणाल्या असत्या तर मी ऐकलं नसतं."

मेट्रनने आपणहून आपलं नाव घेतलं, याचं बाईंना त्या दिवसातलं सगळ्यात जास्त आश्चर्य वाटलं.

अधीक्षकांनी नियमाचं पान उघडून वाचलं, मिटलं, परत उघडलं. "बघतो," म्हणाले.

उत्तर तीन दिवसांनी आलं. एका लिफाफ्यात दोन कागद. पहिल्यात लिहिलं होतं की अर्धी रजा परत करण्यात येत आहे. प्रशिक्षणासाठी करावयाचा प्रवास यापुढे कामाच्या दिवशी ठेवावा व तो कामाचा वेळ धरावा. आणि गेलेल्या पाच साप्ताहिक सुट्ट्यांच्या बदल्यात पाच सुट्ट्या, विभागाच्या सोयीनुसार, देण्यात याव्यात. दुसऱ्या कागदात लिहिलं होतं की हत्यारांच्या मोजणीतील हलगर्जीबद्दल कर्मचाऱ्यास लेखी समज देण्यात येत असून तिची नोंद सेवापुस्तकात घेतली जाईल.

बाईंनी दोन्ही कागदांवर पोच म्हणून सही केली. दुसऱ्यावर सही करताना पेन क्षणभर अडलं, मग पुढे गेलं.

"मी म्हटलं होतं," फोनवर अक्का म्हणाली.

"हो, म्हटलं होतंस."

"वाईट वाटतंय?"

"वाटतंय. पण चूक माझ्या नावावर आहे, तसा रविवारही आता माझ्या नावावर आहे. दोन्ही खरं आहे." मग जरा थांबून म्हणाल्या, "अक्का, मला खूप आनंद व्हायला हवा होता का गं? मला नुसती झोप येतेय."

"मग फोन कशाला धरून बसलीस? ठेव."

त्या लिफाफ्यामुळे शेवटचा वर्ग एक दिवस पुढे ढकलावा लागला. केंद्राने कुरकुर न करता मंगळवार दिला. बाई सोमवारी सकाळी, कामाच्या वेळात, बसमध्ये बसल्या. जागा पुन्हा चाकावरचीच, पाय पुन्हा सुजले. बस तीच होती आणि रस्ताही तोच. प्रवास काही सुखाचा झाला नाही. पण आदल्या दिवशी, रविवारी, त्यांनी अक्काचे केस धुतले होते, आणि बुधवारची पाळी दुपारची होती. शेवटची परीक्षा त्या पास झाल्या. मिशीवाल्यांनी प्रमाणपत्राबरोबर फोटो काढताना त्यांना मधोमध उभं केलं.

नवं यंत्र आलं, बसवलं गेलं. पहिले चार दिवस ते मध्येच थांबायचं आणि शिटी मारायचं, आणि दरवेळी बाई शांतपणे म्हणायच्या, "काहीतरी ओलं आहे आत." असायचंच. पुढच्या खेपेला तळघरातल्या त्या नव्या दोघी शिकायला गेल्या, सोमवारी निघून, मंगळवारी शिकून, बुधवारी परतून. त्यांना वाटायचं, असंच असतं. बाईंनी त्यांना काही सांगितलं नाही. फक्त त्या दोघी नसताना तीन दिवस तळघराचं सगळं काम एकट्या बाईंवर पडायचं, कारण प्रवास कामाचा धरला तरी बदली माणूस द्यावा असं कुठल्या पुस्तकात लिहिलं नव्हतं. बाईंनी शोधून पाहिलं होतं.

पाचपैकी दोन सुट्ट्या मिळाल्या. पहिल्या दिवशी बाई अक्काकडे गेल्या, तिच्या खाटेवर जरा पाठ टेकते म्हणाल्या आणि पाच तास झोपल्या. अक्काने शेजारणीला दारातूनच परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी यजमानांनी घराची भिंत रंगवायला काढली आणि बाईंना ब्रश देऊन म्हणाले, "सुट्टी आहे ना? घे." त्यांनी घेतला.

उरलेल्या तीन मात्र विभागाच्या सोयीत बसेनात. एकदा ऑपरेशनांची गर्दी होती, एकदा नव्या दोघींपैकी एक आजारी पडली, एकदा मेट्रनच रजेवर होती आणि सही करायला कुणी नव्हतं. दरवेळी बाई खिडकीशी जायच्या, वाकायच्या, भोकातून अर्ज आत सरकवायच्या. कारकून आता त्यांना बघून चष्मा काढायचा नाही, नुसता हात पुढे करायचा.

"परत आलात?"

"तीन राहिल्यात."

"माहीत आहे हो. लक्षात आहे माझ्या."

"लक्षात नको. रकान्यात ठेवा."

त्याने खरंच एक रकाना आखला. पट्टी घेऊन, रजिस्टरच्या उजव्या कडेला, शाईने: प्रवास. त्यात सध्या तीनच नावं आहेत. बाईंचा चौथा अर्ज परवा गेला. उत्तर अजून यायचंय.